थंड प्रदेशात घरच्या घरी फेझंट: अंड्यापासून पहिल्या हिवाळ्यापर्यंत

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या दक्षिणेला मक्याच्या शेतांमधून जाताना दिवस कलला की रस्त्याच्या कडेला फेझंट हमखास दिसतो. गळ्यात पांढरं कडं, डोळ्यांभोवती लालभडक कातडी, तांब्याची झाक असलेलं अंग आणि मागे हातभर शेपटी. मोराचा आणि आपल्या रानकोंबड्याचा हा भाऊबंद. मूळचा आशियातला. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला शांघायमधले अमेरिकी वाणिज्यदूत ओवेन डेनी यांनी चीनमधून काही पक्षी ओरेगनला पाठवले आणि ते तिथे रुजले. पुढे ठिकठिकाणी पक्षी सोडले गेले, आणि थंड मैदानी मुलखात ते इतके रमले की साउथ डकोटानं १९४३ साली या बाहेरून आलेल्या पक्ष्याला आपला राज्यपक्षी केलं.

इकडे घरामागे कोंबड्या पाळणारी मराठी कुटुंबं आता बरीच आहेत, आणि त्यातल्या काहींना पुढे फेझंट खुणावतो. मलाही तसाच खुणावला. साताऱ्याकडे आजीच्या खुराड्यात वाढल्यामुळे पिल्लं वाढवणं आपल्याला येतं असं मी धरून चाललो होतो. पहिल्याच वर्षी कळलं की हा पक्षी हातानं वाढवला तरी मनानं रानातलाच राहतो. त्याला माणसाची सवय होते, माया लागत नाही. हे मान्य केलं की पुढचं सगळं सोपं होतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. बहुतेक नवे लोक थंडीची काळजी चुकीच्या वेळी करतात. पूर्ण वाढलेला फेझंट उणे ३० अंशांतही बाहेर राहतो. थंडी त्याच्या जिवावर येते ती अंड्यात असताना आणि अंगावर नुसती लव असताना. नंतर त्याला मारतात ते ओल, बोचरा वारा आणि दाटी.

परवानगी आधी काढा

इथे फेझंट हा शिकारीचा पक्षी धरला जातो, त्यामुळे अनेक राज्यांत तो पाळायला परवाना लागतो. अंडी मागवण्याआधी राज्याच्या वन्यजीव खात्याला फोन करा. मिनेसोटात हे काम डीएनआरकडे, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याकडे असतं. गावाचे नियम वेगळे असू शकतात, तेही विचारा. पाळलेले पक्षी रानात सोडायचे असतील तर त्याची चौकशी स्वतंत्र करा. विकत घेतल्याची पावती फाईलमध्ये जपून ठेवा.

भारतातून हे वाचणाऱ्यांसाठी: मोनाल, चिअर, जुजुराणा हे आपले हिमालयातले फेझंट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. त्यांची अंडी उचलणं किंवा ते घरी ठेवणं हा गुन्हा आहे. जुजुराण्याची पैदास हिमाचलात सराहनला सरकारी केंद्रात होते, ती तिथेच व्हावी.

दिवस उलटे मोजा

अंड्यातून पिल्लू बाहेर यायला २४ दिवस लागतात, एखादा दिवस इकडे किंवा तिकडे. त्यानंतर ६ ते ८ आठवडे ऊब लागते. म्हणजे अंडी उबवणी यंत्रात ठेवल्यापासून पिल्लं बाहेरच्या पिंजऱ्यात जाईपर्यंत साधारण अडीच महिने. १ मे रोजी अंडी ठेवली तर २५ मेच्या सुमारास पिल्लं निघतात, जुलैच्या मध्याला बाहेर जातात, आणि सप्टेंबर संपेपर्यंत त्यांच्या अंगावर पूर्ण पिसारा येतो. जुलैअखेरीस अंडी ठेवलीत तर पिल्लं बाहेर काढायची वेळ नेमकी ऑक्टोबरच्या गारठ्यात येते. तसं करू नका, पुढच्या वसंताची वाट पाहा.

अंडी घरी आल्यावर

फेझंटचं अंडं कोंबडीच्या अंड्याच्या जवळपास निम्म्या वजनाचं, साधारण ३० ते ३३ ग्रॅमचं असतं. रंग शेवाळी-तपकिरी. टपालानं आलेल्या अंड्यांतून निम्मी पिल्लं निघाली तरी समाधान माना. प्रवासात बसलेल्या हादऱ्यांचा हा परिणाम आहे. दहा पक्षी हवे असतील तर दोन डझन अंडी मागवा.

खोकं उघडल्यावर अंडी टोकाची बाजू खाली करून ट्रेमध्ये उभी ठेवा आणि एक रात्र खोलीच्या तापमानात तशीच राहू द्या, म्हणजे आतली हवेची पोकळी जागेवर बसते. अंडी धुऊ नका. कवचावर नैसर्गिक संरक्षक थर असतो, तो धुतला की जंतूंना वाट मोकळी होते. जवळच्या पालकाकडून रोज थोडी थोडी गोळा करत असाल तर ती १३ ते १५ अंशांत, म्हणजे तळघराच्या गार कोपऱ्यात ठेवा आणि आठवड्याच्या आत यंत्रात घाला. घरातला फ्रिज यासाठी फार थंड पडतो.

उबवणी यंत्र

यंत्र गराजमध्ये ठेवू नका. मे महिन्यातही इथली रात्र ४-५ अंशांवर उतरते, आणि छोटं यंत्र एवढा फरक भरून काढू शकत नाही. २० ते २४ अंश राहणारी, खिडकीपासून लांबची, ऊन न येणारी आतली खोली निवडा. अंडी घालण्याआधी यंत्र पूर्ण एक दिवस रिकामं चालवा.

पंखा असलेल्या यंत्रात ३७.६ अंश सेल्सियस ठेवा, फॅरनहाइटमध्ये ९९.७. पंखा नसेल तर गरम हवा वर साचते, म्हणून थर्मामीटर अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर ठेवून तिथे ३८.६ अंश, म्हणजे १०१.५ फॅरनहाइट राखा. यंत्राच्या स्वतःच्या आकड्यावर विसंबू नका, आत दुसरा थर्मामीटर ठेवाच. एखादा अंश कमी झाला तर पिल्लं उशिरा निघतात. सतत एक अंश जास्त राहिला तर मरतात.

आर्द्रतेकडे नवी माणसं सर्वात जास्त दुर्लक्ष करतात, आणि थंड प्रदेशात तिथेच घात होतो. हीटिंग चालू असलेल्या घरातली हवा फार कोरडी असते. आपले ओठ फुटतात, तशी अंडीही आतून सुकतात. पहिले २१ दिवस आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी. आर्द्रतामापक खरं सांगतोय का ते मिठानं तपासता येतं: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ते चिखलासारखं ओलं करा, मापकाशेजारी घट्ट पिशवीत बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ दिसला पाहिजे. ७० दिसला तर तुमचा मापक पाच कमी दाखवतो, तेवढं लक्षात ठेवून पुढचे आकडे वाचा.

त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे वजन. २१ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ ते १३ टक्के घटायला हवं. सगळा ट्रे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. २४ अंडी मिळून ७७० ग्रॅम असतील तर २१ व्या दिवशी ती ६७५ च्या आसपास यावीत. दर आठवड्याला नोंद करा. वजन भराभर उतरत असेल तर पाण्याचं भांडं मोठं करा, उतरतच नसेल तर पाणी कमी करा. मधेच अंडी बाद झाली तर हिशोबातून तितकं वजन वगळायला विसरू नका.

अंडी फिरवणारं यंत्र नसेल तर पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि दिवसातून ३ किंवा ५ वेळा उलटवा. विषम संख्या अशासाठी की रात्रीचा मोठा वेळ रोज एकाच कुशीवर जात नाही.

दहाव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावून बघा. कवच गडद असल्यामुळे कोंबडीच्या अंड्याइतकं स्पष्ट दिसत नाही, म्हणून प्रखर आणि बारीक झोताची टॉर्च घ्या. जिवंत अंड्यात रक्तवाहिन्यांचं जाळं आणि एक काळसर डाग दिसतो. काहीच नसेल, किंवा आत नुसतं लाल कडं दिसत असेल, तर ते अंडं काढून टाका. शंका असेल तर चार दिवस थांबा.

वादळात वीज जातेच. गेली की यंत्र उघडू नका, वर गोधडी घाला. हवेची भोकं मात्र मोकळी ठेवा. तास-दोन तासांनी फारसं बिघडत नाही. जास्त वेळ लागणार असेल तर गरम पाण्याच्या बाटल्या यंत्राला बाहेरून लावून ठेवा.

खुडूक कोंबडी घरात असेल तर तिलाही रवणीला बसवता येतं. छोट्या जातीची, शांत कोंबडी दहा-बारा अंडी नीट झाकते, आणि २१ ऐवजी २४ दिवस बसायला तिची हरकत नसते. आजीच्या पद्धतीचं मला मनापासून कौतुक आहे, तरी हा मार्ग मी सोडला. कोंबडीच्या पोटातल्या जंतांमार्फत ब्लॅकहेड नावाचा रोग फेझंटपर्यंत पोचतो. कोंबडीला त्याचा फारसा त्रास होत नाही, फेझंट मात्र दगावू शकतो. त्याच कारणानं ज्या जागेत कोंबड्या फिरतात तिथे फेझंट ठेवू नका.

शेवटचे तीन दिवस

२१ व्या दिवशी अंडी फिरवणं थांबवा, आडवी ठेवा, खाली खडबडीत रबरी जाळी पसरा आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्या. मग झाकण बंद, ते बंदच. कवचाला पहिला टवका पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात. मधे ते तासन्‌तास गप्प असतं. त्या काळात ते उरलेलं बलक पोटात ओढून घेत असतं, आणि कवचाच्या आतल्या पापुद्र्यातलं रक्त आटत असतं. मदत म्हणून कवच सोलायला गेलात तर रक्तस्राव होऊन पिल्लू मरतं. झाकण उघडलं की दमट हवा निघून जाते आणि तो पापुद्रा बाकीच्या पिल्लांभोवती कागदासारखा आवळतो. पहिल्या वर्षी मी एका पिल्लासाठी तीनदा झाकण उघडलं आणि शेजारची चार कवचातच अडकली. त्यांचा आवाज अजून आठवतो.

निघालेली पिल्लं पोटातल्या बलकावर एक दिवस सहज काढतात. अंग सुकून फुलल्यावरच त्यांना हलवा.

ब्रूडरमधले सहा आठवडे

पिल्लू जेमतेम २० ग्रॅमचं असतं आणि पहिल्या दिवसापासून पळतं. ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी पेटी, आधीच तापवून ठेवा. पहिल्या आठवड्यात उबेखाली ३५ अंश, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. पण आकड्यापेक्षा पिल्लांकडे बघा. दिव्याखाली एकावर एक चढून चिवचिवाट करत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. भिंतीला चिकटून चोच उघडी टाकली असेल तर उकडतंय. सगळीकडे पांगून खात-झोपत असतील तर ठीक चाललंय.

ब्रूडरचे चारही कोपरे पुठ्ठा वाकवून गोल करा. घाबरलेली पिल्लं कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची गुदमरतात. दोन आठवड्यांत ती उडायला लागतात, म्हणून वर जाळीचं झाकण पहिल्या दिवसापासून हवं.

उष्णतेचा दिवा वापरणार असाल तर तो लाल घ्या, साखळीनं टांगा आणि त्याशिवाय तारेनं बांधा. दिवा भुशात पडून आगी लागतात. उबेची सपाट प्लेट महाग पडते, पण आगीचा धोका बराच कमी होतो. प्लेट घेतलीत तर भोवतालची खोली २० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका.

खाली वर्तमानपत्र अंथरू नका. त्यावर पाय घसरतात, फाकतात आणि पिल्लू कायमचं अधू होतं. पहिले चार दिवस खडबडीत रबरी चटई किंवा पेपर टॉवेल, मग लाकडाचा जाडसर भुसा. पाण्याचं भांडं उथळ घ्या आणि त्यात गोट्या किंवा खडे टाका. बोटभर पाण्यातही ही पिल्लं बुडतात.

खाद्य गेमबर्ड स्टार्टर, म्हणजे शिकारीच्या पक्ष्यांच्या पिल्लांसाठीचं, २८ ते ३० टक्के प्रथिनांचं. ते मिळालं नाही तर टर्कीच्या पिल्लांचं चालतं. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात प्रथिनं फार कमी असतात, आणि अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य तर मुळीच नको, त्यातल्या चुन्यानं पिल्लांची मूत्रपिंडं खराब होतात. औषध घातलेलं खाद्य घेताना ते फेझंटला चालतं का हे पिशवीवर वाचा.

पहिल्या दिवशी काही पिल्लं खातच नाहीत. प्रत्येकाची चोच कोमट पाण्यात हलकेच बुडवा. खाद्य पुठ्ठ्यावर पसरा, वर उकडलेल्या अंड्याचं पिवळं बारीक कुस्करून टाका आणि बोटानं टकटक करा. कोंबडी पिल्लांना चोचीनं दाखवते, तसंच. एकानं टिपायला सुरुवात केली की बाकीची धावत येतात. यासाठी दिवसभर घरी राहावं लागलं तरी राहा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकमेकांची पिसं उपटणं सुरू होतं. एकदा रक्त दिसलं की सगळी त्या एकावर तुटून पडतात. दाटी, प्रखर उजेड, उकाडा, प्रथिनांची कमतरता आणि रिकामपण ही त्याची कारणं. सुरुवातीला प्रत्येक पिल्लाला अर्धा चौरस फूट जागा पुरते, तिसऱ्या आठवड्यापासून एक आणि सहाव्याला दोन हवीत. उजेड मंद करा. कोबीचा गड्डा दोरीनं टांगा, बांधलेलं अल्फाल्फा गवत ठेवा. त्यानं त्यांच्या चोचीला काम मिळतं. जखमी पिल्लू लगेच वेगळं करा, आणि जखम भरून नवी पिसं आल्याखेरीज परत सोडू नका.

बाहेरचा पिंजरा

प्रत्येक मोठ्या पक्ष्याला २५ चौरस फूट जागा धरा. दहा पक्ष्यांना १० बाय २५ फुटांचा पिंजरा लागतो. बाजूंना एक इंची तारेची जाळी लावा. ती खाली फूटभर पुरून आणखी फूटभर बाहेरच्या बाजूला वळवा, म्हणजे कोल्हा किंवा रॅकून उकरून आत येत नाही. छत मात्र तारेचं नको. फेझंट दचकला की सरळ वर झेप घेतो, आणि तारेवर आपटून डोकं फुटतं. वर दोन इंची मऊ नायलॉन जाळी सहा-सात फूट उंचीवर लावा.

आत झुडूप हवं. त्याशिवाय पक्षी दिवसभर भेदरलेले राहतात आणि एकमेकांना टोचतात. मे अखेरीस पिंजऱ्यात ज्वारी पेरा. इथले लोक फेझंटच्या आडोशासाठी ज्वारीच लावतात, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार बरं वाटलं. चाकवत इथे तण म्हणून आपोआप उगवतो. तो उपटू नका, पक्षी पानं आणि बी दोन्ही खातात.

पिल्लं बाहेर न्यायला कोरडी, उबदार सकाळ निवडा. आधी आठवडाभर ब्रूडरमधली ऊब दिवसा बंद ठेवा. बाहेर पहिल्या चार रात्री शेडमध्ये कोंडा आणि ऊब द्या. सहा आठवड्यांच्या पिल्लाच्या पाठीवरची पिसं अजून पाणी झटकत नाहीत, त्यामुळे जुलैतल्या गार पावसातही ते गारठून मरतं. पकडताना शेपटी धरू नका, ती हातात येते. हातजाळं वापरा, आणि शक्यतो अंधार पडल्यावर.

सहा आठवड्यांनंतर खाद्य २० टक्के प्रथिनांवर आणा, पुढे हिवाळ्यात १४ ते १६ टक्के आणि सोबत अख्खा मका. मान लांब करून तोंड उघडणारा, धाप लागल्यासारखा पक्षी दिसला तर श्वासनळीतल्या जंतांचा संशय घ्या. ते गांडुळांमधून येतात. पशुवैद्याला दाखवा. २०२२ पासून इकडे बर्ड फ्लूच्या लाटा येत आहेत, तेव्हा जंगली बदकं उतरतात त्या तळ्याचं पाणी वापरू नका आणि पिंजऱ्यासाठी वेगळे बूट ठेवा.

हिवाळा

मोठ्या पक्ष्यांना हीटर नको. शेडमध्ये ऊब दिली तर आत दमटपणा साचतो, पिसं ओलसर होतात आणि बाहेर आल्यावर त्यावर बर्फ धरतो. द्यायचा तो आडोसा. उत्तर आणि पश्चिम बाजूला चार फूट उंचीपर्यंत पेंढ्याच्या गासड्या किंवा ताडपत्री लावा. जुन्या ख्रिसमस ट्री जानेवारीत फुकट मिळतात, त्या पिंजऱ्यात आडव्या टाका. पक्षी त्याखाली जमिनीवरच बसतात. हिमवादळ त्यांना मारतं ते वाऱ्यामुळे: पिसांखाली बर्फाचा भुगा शिरतो आणि नाकपुड्या गोठून बंद होतात.

जाळीवर साचणारा बर्फ हे तुमचं रात्रीचं काम आहे. कोरडा बर्फ खाली गळतो. नोव्हेंबरचा ओला बर्फ जाळीला धरतो आणि तासाभरात छत खाली बसवतो. दुसऱ्या वर्षी मी झोपून राहिलो. सकाळी जाळी फाटली होती आणि सहा पक्षी गेले होते. आता मधल्या खांबांवर उपडं प्लास्टिकचं भांडं बसवलंय, त्यामुळे जाळी टोकाला फाटत नाही. ओला बर्फ पडू लागला की दर दोन तासांनी आतून झाडूनं ठोकतो.

पाण्यासाठी काळी रबरी घमेली घ्या. दिवसातून दोनदा गोठलेली उपडी करून बर्फ पाडायचा आणि कोमट पाणी भरायचं. वीज असेल तर खालून तापणारं भांडं घ्या.

फेब्रुवारी संपत आला की नर आरवायला आणि भांडायला लागतात. एका नरामागे सहा ते आठ माद्या ठेवा आणि जादा नर वेगळे काढा. मार्चमध्ये पैदाशीचं खाद्य आणि शिंपल्यांचा चुरा सुरू करा. एप्रिलमध्ये ज्वारीच्या वाळल्या ताटांखाली पहिली अंडी सापडतात. ती दिवसातून तीनदा गोळा करा, शेवटची फेरी अंधार पडण्याआधी. रात्रीच्या गोठणाऱ्या हवेत बाहेर राहिलेलं अंडं तडकतं, आणि तडकलेलं अंडं यंत्रात घालू नये.